अकरा मिनिटांची फाइल

सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगणात, जिथे महादूला ठेवलं होतं त्या खोलीच्या बंद दारापासून दहा पावलांवर, जितेंद्र उभा होता. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन एकदा थरथरला. आजूबाजूला दांडीच्या किनाऱ्यावरची वीस-पंचवीस माणसं होती. कुणी भिंतीला टेकलं होतं, कुणी उकिडवं बसलं होतं, आणि महादूची बायको सीता आतल्या बाकावर दोन बायकांच्या मधोमध दगडासारखी बसली होती. अशा वेळी फोन बघू नये एवढं त्याला कळत होतं. पण हात त्याच्या आधीच खिशात गेला. पडद्यावर एकच ओळ होती : ‘आजच्या एकोणचाळीस फाइली चढल्या. अडचण शून्य.’ हा निरोप कुणा माणसानं पाठवला नव्हता. जितेंद्रनंच दीड वर्षापूर्वी लिहिलेल्या प्रोग्रॅमनं तो पाठवला होता आणि तो रोज यायचा. इतका रोज, की जितेंद्र तो वाचायचाही नाही. आज त्यानं वाचला. एकोणचाळीस हा आकडा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. कारण दुपारी दोनपर्यंत पाण्यात उतरून वर आलेले पाहुणे अडतीस होते. त्याच्याकडे यादी होती. एकोणचाळिसाव्या पाहुण्याला घेऊन पाणबुड्या महादू त्यानंतर उतरला होता, आणि तो स्वतः जिवंत वर आला नव्हता.

म्हणजे त्या फेरीचं कॅमेऱ्यातलं कार्ड कुणीतरी कॉम्प्युटरमध्ये घातलं होतं. त्यानं धोंडूकाकांकडे बघितलं. साठी उलटलेले धोंडूकाका स्कुबा सेंटरची होडी हाकत. आताही त्यांच्या अंगावर ओली अर्धी चड्डी तशीच होती आणि ते कुणाच्याही तोंडाकडे न बघता तळवे चोळत होते. होडी किनाऱ्याला लागली की कॅमेऱ्यातलं कार्ड काढायचं आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या फटीत सरकवायचं, एवढं काम जितेंद्रनंच त्यांना शिकवलं होतं. पुढचं सगळं प्रोग्रॅम करायचा. माणसं महादूला वाळूवरून उचलून रिक्षात घालत असताना हा म्हातारा, डोकं ठिकाणावर नसताना, नुसत्या हाताच्या सवयीनं ऑफिसात गेला असणार, कार्ड घातलं असणार आणि मग रिक्षामागे धावला असणार. त्यात त्याचा काय दोष? सवय ही दुसऱ्यानं लावलेली असते, हे जितेंद्रला त्या अंगणात पहिल्यांदा कळलं, आणि ते कळणं त्याला नको होतं.

सेंटर सुदेशचं. सुदेश म्हणजे जितेंद्रच्या थोरल्या बहिणीचा, रश्मीताईचा नवरा. दोन होड्या, चौदा सिलिंडर, किनाऱ्यावर पत्र्याचं ऑफिस. घाटावरून गाड्या भरून येणाऱ्या माणसांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवायचे आणि त्याचा व्हिडिओ हातात द्यायचा, हा धंदा. पाहुण्यांना मासे फारसे आठवत नसत, व्हिडिओ मात्र हवा असे. आधी ते पेनड्राइव्हवर देत. रांगा लागत, भांडणं होत, एकाचा व्हिडिओ दुसऱ्याला जाई. जितेंद्रची पुण्यातली नोकरी गेली, सात वर्षं जिथे बसला ती खुर्ची एका शुक्रवारी त्याची राहिली नाही, आणि तो मालवणला परत आला. तेव्हा सुदेश म्हणाला होता, “ह्या व्हिडिओचा कायतरी कर रे, तू शिकलेलो.” जितेंद्रनं केलं. एका ऑनलाइन सेवेत खातं उघडलं आणि तिच्या वेब एपीआयशी बोलणारा प्रोग्रॅम लिहिला. एपीआय म्हणजे काय, असं महादूनं एकदा विचारलं होतं. जितेंद्रनं सांगितलं होतं, एका यंत्रानं दुसऱ्या यंत्राला काम सांगायची ठरलेली भाषा. आपण किल्ली दाखवायची, फाइलीचे तुकडे करून एकेक पाठवायचा, समोरून आकड्यांत उत्तर येतं, आणि शेवटी त्या फाइलीचा एक नंबर मिळतो. तो नंबर ज्याच्याकडे, फाइल त्याची. महादूनं जरा विचार केला आणि म्हणाला, “म्हंजे देवळात कौल लावल्यासारख्या. आपण इचारूचा, देवान फूल पाडूचा.” दोघंही हसले होते. फाइल चढली की कार्ड आपोआप कोरं व्हावं, अशी सोय जितेंद्रनं करून ठेवली होती, म्हणजे दुसऱ्या फेरीला ते लगेच वापरता येईल. आणि सेवेवरून काही काढलं तर ते कचरापेटीतसुद्धा राहू नये, थेट जावं, अशीही. जागा वाचते. तेव्हा त्याला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. कुठलीच गोष्ट दोन ठिकाणी ठेवायची नाही. काम कसं स्वच्छ झालं पाहिजे.

सुदेश दवाखान्याच्या फाटकातून आत आला. पांढरा शर्ट घालून आला होता. मधल्या वेळात तो घरी जाऊन शर्ट बदलून आला, हे जितेंद्रच्या लक्षात आलं, आणि असल्या वेळी असलं लक्षात येतं म्हणून स्वतःची शिसारीही आली. सुदेशनं त्याला चिंचेच्या झाडाखाली बाजूला घेतलं.

“कार्ड खंय आसा?”

“धोंडूकाकान घातल्यान. चढला.”

“चढला म्हंजे?”

“म्हंजे कार्डार आता काय नाय. सगळा तकडे आसा.”

“तकडे खंय?”

जितेंद्रनं हात हवेत फिरवला. ते कुठे आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. कुठल्यातरी देशात, कुठल्यातरी थंड केलेल्या खोलीत.

“पोलिसांक मी सांगलंय,” सुदेश खालच्या आवाजात म्हणाला, “महादून पावण्याक शिडीयेर सोडल्यान आनी नांगर अडाकलो म्हणान आपणच परत खाली गेलो. पावण्यानपण तसाच सांगल्यान. तेना बघल्यान तेवढाच. तू तां काढून टाक.”

“बघतंय भावोजी.”

“बघा नको. काढ.”

सहाला पाहुण्यांच्या फोनवर आपोआप लिंक जातात, त्या जितेंद्रनं जागेवरूनच थांबवल्या. एवढं केलं आणि त्याला वाटलं, आपण काही वाईट केलेलं नाही, नुसतं थांबवलंय. साडेपाचला तो ऑफिसात गेला, पत्र्याचं दार आतून लावून घेतलं आणि काढायच्या आधी एकदा बघावं म्हणून त्यानं ती फाइल उघडली. अकरा मिनिटं वीस सेकंद. इतरांच्या फाइली चार-पाच मिनिटांच्या असत. महादूचीच लांब असायची, कारण महादू कॅमेरा कधी बंद करत नसे. तेही जितेंद्रनंच सांगितलं होतं. ओल्या हातमोज्यानं बटण नीट दाबलं जात नाही आणि मग ऐन माशांच्या वेळी कॅमेरा बंदच राहतो. “तू सुरूच ठेव. होडयेत असल्यापासून. पुढचा-मागचा मी कापतंय.” महादूनं ते शब्दाला शब्द पाळलं होतं. शाळेतही तो असाच होता. गुरुजींनी वर्गाच्या दारात उभं राहायला सांगितलं आणि गुरुजी विसरून घरी गेले तर हा अंधार पडेपर्यंत दारात उभा. जितेंद्रला पोहायला त्यानं शिकवलं होतं, सातवीत असताना, जेटीच्या बाजूला. हात धरून नव्हे. तो नुसता थोडा पुढे पोहत राही आणि मागे वळून म्हणे, “ये. मी आसंय मां.”

फाइलीत सुरुवातीला होडी होती. कॅमेरा महादूच्या मनगटाला लटकलेला, म्हणून फळ्या, दोरी, कुणाचे तरी पाय, आणि मध्येच एकदम आकाश. पण आवाज स्वच्छ होता. महादूचा आवाज : “सुदेशदादा, ह्या सिलिंडरचो काटो बघ. तांबड्यात इलो हा. आनी माका सकाळपासून छातीत बरा वाटणा नाय. आठ वेळा उतारलंय. आता पुरो.” मग सुदेश : “चारच माणसां रवलीत रे. दहा मिनटांत काय जाता? उतर तू.” मग काही क्षण नुसतं पाणी, होडीच्या कडेला चापट्या मारल्यासारखं. आणि मग तिसरा आवाज. फोनचा, स्पीकरवर लावलेला, जरा चिरका : “भावोजी, चार वाजाच्या आधी उरलेली चारय माणसां उरकून घेवा. पार्टीक गाडी पकडूची आसा. सहाक लिंक जावक होयी.”

आपला आवाज असा आहे, हे माणसाला कधी पटत नाही. जितेंद्रनं ती जागा मागे नेऊन पुन्हा ऐकली. फोन केल्याचं त्याला आठवत होतं. बोललेले शब्दसुद्धा आठवत होते. रोजच तर असले फोन करायचा, दिवसाला दहा. पण तो फोन नेमका तेव्हा गेला, महादू ‘पुरो’ म्हणाल्यावर पाणी कडेला चापट्या मारत होतं त्या पोकळीत जाऊन पडला, हे त्याला ठाऊक नव्हतं. कदाचित त्या पोकळीत सुदेश म्हणाला असता, बरा, रव. कदाचित नसताही म्हणाला. ते आता कुणालाच कळणार नव्हतं. फाइलीत पुढे महादू हसला. खरंच हसला. म्हणाला, “जित्याक काय, तेका फाइली मोजूच्यो आसत.” आणि लगेच आवाज बदलून, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या शुद्ध मराठीत : “चला साहेब. घाबरायचं नाही. नाकानं नाही, तोंडानं श्वास. मी आहे बरोबर.”

त्यानंतर पाण्याखालचं सगळं. हिरवट उजेड, पाहुण्याचा काचेमागे मोठा झालेला चेहरा, त्याचे अंगठे वर. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे. महादू पावाचा चुरा सोडतोय. सातव्या मिनिटाला चित्र हललं. महादूचा दुसरा हात चौकटीत आला आणि स्वतःच्या गळ्यावरून आडवा फिरला, हवा संपली ही खूण. पण ती बघायला खाली कुणी नव्हतं. पाहुणा मासे बघत होता. मग त्याच हातानं पाहुण्याला कमरेला धरून वर ढकललं, शिडीच्या दिशेनं, एकदा, दोनदा. शिडीला पाहुण्याचे पाय लागलेले दिसले. मग कॅमेरा फिरत खाली गेला आणि वाळूवर टेकला, तोंड वर करून. उरलेली चार मिनिटं एकच दृश्य : खूप वर चकाकणारा पाण्याचा पृष्ठभाग, त्यावर होडीचा काळा तळ, आणि बुडबुडे. आधी पुष्कळ. मग थोडे. जितेंद्र शेवटापर्यंत बघत राहिला. शेवटी धोंडूकाकांचे म्हातारे पाय पाणी कापत खाली येताना दिसले आणि फाइल संपली.

त्या संध्याकाळी त्यानं ती काढली नाही. घरी जाऊन आंघोळ केली, सुतक पडल्यासारखा न जेवता झोपला. झोप लागली, याचंही त्याला सकाळी नवल वाटलं. आठ वाजता तो पुन्हा ऑफिसात होता. समुद्र असा शहाण्यासारखा पसरला होता, किल्ल्याच्या तटापर्यंत एक सुरकुती नाही. सेंटर बंद. बाजूच्या सेंटरवाल्यांनी मात्र झेंडे लावले होते आणि तिकडे मुलं किंचाळत होती. रश्मीताई घावणे आणि चहाचा थर्मास घेऊन आली. तिनं टेबलावर ताटली ठेवली, पदर कमरेला खोचला आणि आसपास बघत उगाच खुर्ची पुसली.

“तेंका आत घालतले काय रे?” तिनं विचारलं.

“कोण म्हणता?”

“कोण कित्याक म्हणतला. माका दिसता.” ती बसली नाही. “रातभर ते गॅलरीत उभे होते. माका काय बोलले नाय.” मग जितेंद्रनं तोंड उघडलं तसा तिनं हात वर केला. “माका काय्येक सांगा नको, जितू. काय आसा, काय नाय, माका कळूक नको. तू काय तां कर. संचिताचा बारावीचा वर्स आसा, एवढाच माका म्हायत.”

ती गेली. तिचं ते ‘कळूक नको’ जितेंद्रच्या मनात बराच वेळ घोळत राहिलं. ताई लहानपणापासून अशीच. घरात भांडण झालं की विहिरीवर जायची आणि सगळं शमल्यावर भरलेली कळशी घेऊन परत यायची. कुणाला वाटावं, ही पाण्यालाच गेली होती. पण तिला नावं ठेवणारा तो कोण? आपण हे ताईसाठी करतोय, असं त्यानं स्वतःला सांगून बघितलं. ते वाक्य चांगलं होतं. भाचीचं, संचिताचं, नाव त्यात घातलं की आणखीच चांगलं होत होतं. फक्त ते म्हणताना कानात तो चिरका आवाज येत होता, ‘चारय माणसां उरकून घेवा’, आणि तो सुदेशचा नव्हता. हा आवाज फाइलीत आलाय याचा सुदेशला पत्ताही नव्हता. तो फोन तो विसरूनही गेला असेल. फाइल पोलिसांकडे गेली असती तर पहिला प्रश्न सुदेशला आणि दुसरा जितेंद्रलाच विचारला गेला असता. किंवा विचारलाही गेला नसता. एवढंच झालं असतं की सीतेनं तो आवाज ऐकला असता. तिला जितेंद्रचा आवाज ओळखता येत होता. लग्नात तिच्या सासरचा माणूस म्हणून तिनं पहिल्यांदा ज्याला ‘दादा’ म्हटलं तो जितेंद्र होता.

एक प्रत ठेवावी, असं त्याच्या मनात आलं. इतकं साधं होतं. पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये होता. त्यानं तो लावला, फाइल उतरवून घ्यायला सुरुवात केली. नेट मंद होतं. हिरवी रेघ सरकू लागली, पाच टक्के, दहा टक्के. ती अर्ध्यावर आली तेव्हा त्याला कळलं की प्रत ठेवली तर ती कायमची ठेवावी लागेल. उद्या, परवा, पुढल्या मे महिन्यात, संचिताचं लग्न झाल्यावर, सुदेश म्हातारा झाल्यावर, कधीही ती द्यायची की नाही हे रोज ठरवावं लागेल. ती ड्रॉवरमध्ये असेल आणि रोज विचारेल. पुण्याच्या कंपनीत एकदा त्यानं हजारो लोकांचे फोटो एका आज्ञेनं पुसले होते, सेवा बंद झाली म्हणून. कुणाची बारशी, कुणाचे मेलेले बाप. तेव्हा मागच्या खुर्चीवरचा साहेब खांद्यावर थाप मारून म्हणाला होता, क्लीन. त्यानं हिरवी रेघ रद्द केली. पेनड्राइव्हवर अर्धवट उतरलेलं पुसलं. मग सेवेच्या एपीआयला पाठवायचा हुकूम लिहिला : काढा, आणि पुढे त्या फाइलीचा नंबर. लिहिताना त्याचं एकही अक्षर चुकलं नाही. पुढे अनेक दिवस त्याला याच गोष्टीची लाज वाटत राहिली, हुकूम पाठवल्याची नव्हे, अक्षर न चुकल्याची. अर्ध्या सेकंदात उत्तर आलं. दोनशे चार. या आकड्याचा अर्थ त्याला पाठ होता : सांगितलंत ते झालं आहे, आणि त्याबद्दल परत कळवण्यासारखं काही नाही.

चहा थर्मासात तसाच गरम होता. तो त्यानं प्यायला. घावणेही खाल्ले, सगळे.

बाकीचं रीतीप्रमाणे झालं. जबाब झाले. पाहुणा इचलकरंजीला निघून गेला आणि जाताना त्यानं सुदेशचा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले. महादूची छाती कमकुवत होती असं कागदावर आलं, आणि ते खोटंही नसावं. नांगराची गोष्ट गावात दोन-तीन दिवसांत इतकी पक्की झाली की लोक ती तपशिलानं सांगू लागले. नांगर कुठल्या खडकात अडकला होता तेसुद्धा. धोंडूकाका मात्र काम सोडून आरोंद्याला मुलीकडे निघून गेले. जाण्याआधी ऑफिसच्या दारात आले, आत आले नाहीत. “जितू, तां कार्ड मी घातलंय मां रे?” त्यांनी विचारलं. जितेंद्र म्हणाला, “घातलास. पण तेतूर पाणी गेलेला.” म्हाताऱ्यानं दाराच्या चौकटीवरचा हात काढून घेतला. पाण्यात जन्म गेलेला माणूस. पाणी कुठे जातं आणि कुठे जात नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. “असात,” एवढंच म्हणाला आणि वाळूतून निघून गेला. तेराव्यानंतर सेंटर पुन्हा सुरू झालं. प्रोग्रॅम सुरू झाला. निरोप येऊ लागला : सव्वीस चढल्या, एकतीस चढल्या, अडचण शून्य.

जानेवारी सरता सरता एका दुपारी सीता आली. तिच्याबरोबर सात वर्षांची मुलगी भक्ती होती, तिला तिनं बाहेर होडीच्या सावलीत बसवलं आणि एकटीच आत आली. कपाळ मोकळं, अंगावर धुवट पातळ. जितेंद्र उठून उभा राहिला आणि तिला खुर्ची दिली. तिनं ऑफिसभर नजर फिरवली, भिंतीवर टांगलेल्या काळ्या रबरी पोशाखांवर ती जरा थांबली.

“दादा, एक इचारूचा होता. तेंच्या हातात कॅमेरो होतो म्हणतत.”

“होतो.”

“मगे तेतूर ते दिसत नाय असतले, माका म्हायत. तो पावण्यांचोच असता. पण आवाज? हातबीत? कायतरी?”

हा प्रश्न येणार हे त्याला महिनाभर ठाऊक होतं, आणि उत्तरही तयार होतं. धोंडूकाकांवर त्याची तालीमही झाली होती. “कार्डात पाणी गेला गो, सीता. काय्येक चढूक नाय.”

“आवाजपण नाय?”

“नाय.”

ती मान हलवत राहिली, बाजारात एखादी वस्तू संपली म्हणून सांगितल्यावर हलवतात तशी. तिनं हट्ट केला असता, संशय घेतला असता, ‘खोटा सांगतास’ म्हणाली असती तर जितेंद्र ठाम राहिला असता. सगळी तयारी त्या दिशेची होती. ती म्हणाली, “नाय तर नाय. तुमी तरी काय करतलास,” आणि त्यानं टेबलावर डोकं टेकवलं. तो रडू लागला. मोठ्यानं, बेढब, लहान मुलासारखं. दवाखान्यात तो रडला नव्हता, स्मशानात रडला नव्हता. आता मात्र त्याला आवरेना. आणि रडता रडताही त्याच्या आतला एक कोरडा माणूस बघत होता की हे रडणंसुद्धा खोट्याच्या बाजूनंच साक्ष देतंय. सीता उठली. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या हाताला मासळीचा आणि साबणाचा वास होता. “रडा नको, दादा. तुमचो काय दोष? ते सगळ्यांका सांगत, जितू आसा म्हणान आमच्या कामाक सोय इली.” ती त्याची समजूत घालत राहिली, बराच वेळ, आणि त्यानं ती घालू दिली.

मग तिनं कनवटीचा फोन काढला. पडदा कोपऱ्यातून तडकलेला, मधून हिरवी चीर गेलेली. “दुसरा एक काम होता,” ती म्हणाली. “ह्यो फोन आता बंद पडता. कट्टा गावात माझ्या माहेराकडे दुकान आसा, दुकानवालो म्हणता, दुरुस्त करतंय पण आतला सगळा पुसान जातला. ह्येच्यात तेंचा एक बोलणा आसा. माका घालवूचा नाय.” तिनं बोटानं चाचपडत ते लावलं. सतरा सेकंद. मागे वाऱ्याचा आवाज, आणि महादू, घाईत, खुशीत : “गो, बांगडे मेळले हत. बरे मोठे आसत. खोबऱ्याचा वाटाप वाटून ठेव. मी येतंयच.” बस. सीतेच्या ओठांची हालचाल शब्दाशब्दाला जुळत होती. तिला ते पाठ होतं. “तुमी ते व्हिडिओ चढवतास मां, थय ह्यां चढवन ठेवा. पावण्यांचे थय ऱ्हवतत, मगे ह्यांपण ऱ्हवात.”

जितेंद्रनं फोन वायरीनं जोडला. फाइल घेतली. प्रोग्रॅमनं किल्ली दाखवली. तुकडे करायचीही गरज पडली नाही, एवढीशी होती ती. उत्तर आलं, नंबर आला. सीता त्याच्या खांद्यामागून पडद्याकडे बघत होती, तिथल्या इंग्रजी अक्षरांकडे, गाभाऱ्यात बघावं तसं.

“चढला?”

“चढला.”

“आता ह्यां कोणाक पुसूक येवचा नाय मां, दादा?”

बाहेर कुठलीतरी पार्टी किनाऱ्याला लागली होती, हसण्याचा गलका आला.

“नाय,” जितेंद्र म्हणाला. “कोणाक नाय.”

“मगे माका ताचो नंबर लिवन देवा.” तिनं सांगितलं आणि जरा ओशाळून हसली. “वाचूक येणा नाय, पण जवळ आसलेलो बरो.” त्यानं वहीचं पान फाडलं आणि तो नंबर एकेक अक्षर तपासत, ठळक करून लिहून दिला. तिनं पान घडी करून रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये सरकवलं, वरून दोनदा हात फिरवला. थांबा म्हणावं, या फोनमधलं पुसू नका, आणखी कुठेतरी ठेवा, असं सांगायला त्यानं तोंड उघडलंही. पण ती का म्हणून विचारेल, आणि तिला का ते सांगावं लागेल, म्हणून त्यानं ते मिटलं. सीता दाराबाहेर गेली. पत्र्यापलीकडून तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला. ती मुलीला उठवत होती, तिच्या फ्रॉकची वाळू झाडत होती.

“चल गो, कट्ट्याची एस्टी सुटात. आता कसलो घोर नाय. बाबांचो आवाज जितूकाकान जपान ठेवल्यान हा.”